बेरीज केली की स्ट्रक्चरचा साइझ येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या करिअर पुरवणीत इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक लेख आला होता, सी लँग्वेज आता परीक्षेपुरतीच उरलीय, मुलांनी सरळ पायथन धरावं, अशा अर्थाचा. पायथन शिकावंच, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण त्यात पुढे असंही होतं की स्ट्रक्चर (एका वस्तूबद्दलची वेगवेगळ्या मापाची माहिती एकत्र बांधायची सी मधली सोय), युनियन (एकाच जागेकडे वेगवेगळ्या रूपांत बघायची सोय), बिट फील्ड (एका बाइटाचे तुकडे करून वापरायची सोय) या जुन्या काळच्या मेमरी वाचवायच्या युक्त्या आहेत आणि आता मेमरी स्वस्त झालीय. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लांब होईल, पण कापायचं झालं तर मधला दुधाचा हिशोब तेवढा कापू नका, सगळा मुद्दा त्यातच आहे.

मी भोसरीला एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आत बसणारे प्रोग्राम, लिहितो, पंधरा-सोळा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं मशीन करत होतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येतो, काट्यावर लिटर येतात, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येते, सभासद नंबर दाबला की पावती निघते, आणि ती एंट्री मशीनमध्ये राहायला पाहिजे कारण बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि मधे लाइट गेली म्हणून कुणाचं दूध हिशोबातून गायब झालेलं चालत नाही. बोर्डावर एंट्र्या ठेवायला ६४ केबीची ईईप्रॉम (लाइट गेली तरी माहिती टिकवणारी चिप) होती, कंट्रोलर (मशीनचा छोटा प्रोसेसर) २० केबी रॅमचा, आणि बोर्ड छापून आलेले होते त्यामुळे मोठी चिप टाकू हा पर्याय नव्हताच.

आता हिशोब बघा. एका वेळेला दोनशे एंट्र्या, दिवसाला चारशे, दहा दिवसांच्या चार हजार. चिपमध्ये जागा ६५,५३६ बाइट. म्हणजे एका एंट्रीला १६ बाइट मिळतात, त्याच्या वर एक बाइटसुद्धा नाही.

पहिलं स्ट्रक्चर आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलाने लिहिलं, पुस्तकात ते रोल नंबर, नाव, मार्क्स असलेलं स्टुडंटचं स्ट्रक्चर असतं ना तसं, सुचेल त्या क्रमाने. आधी सकाळ की संध्याकाळ ते एक कॅरेक्टर (एक बाइट), मग लिटर फ्लोटमध्ये (दशांशाचा आकडा, चार बाइट), मग गाय की म्हैस ते कॅरेक्टर, मग फॅट फ्लोट, मग सभासद नंबर दोन बाइटचा, मग एसएनएफ फ्लोट, मग एंट्री मशीनने घेतली का हाताने मारली ते कॅरेक्टर आणि शेवटी वेळ चार बाइटची. त्याने वहीत बेरीज केली, २१ आली, म्हणाला सर पाचच बाइट जास्त होतायत, काहीतरी करू. मी म्हटलं साइझऑफ (प्रत्यक्ष साइझ सांगणारी सी मधली सोय) प्रिंट करून बघ. स्क्रीनवर ३२ आलं. तो माझ्याकडे बघायला लागला, कारण चार वर्षं त्याने परीक्षेत लिहिलं होतं की स्ट्रक्चरचा साइझ म्हणजे सगळ्या मेंबरच्या (आतल्या एकेक गोष्टीच्या) साइझची बेरीज, आणि त्याला त्याचे मार्कही मिळाले होते.

ही ११ बाइट आली कुठून? चार बाइटचा फ्लोट कंपायलर (आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा) चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवतो, कारण प्रोसेसरला तो तिथून एका झटक्यात उचलता येतो. एक घर म्हणजे एक बाइट. कॅरेक्टर शून्याव्या घरात बसलं की पुढची तीन घरं रिकामी सोडून फ्लोट चौथ्या घरात जातो. परत कॅरेक्टर, परत तीन घरं रिकामी. त्याच्या स्ट्रक्चरमध्ये तीन ठिकाणी तीन-तीन आणि एका ठिकाणी दोन, अशी ११ घरं नुसती हवा भरून होती. याला पॅडिंग म्हणतात. कंपायलर मेंबरचा क्रम स्वतःहून बदलत नाही, सी मध्ये तसा नियमच आहे, तुम्ही लिहिलेला क्रम हाच मेमरीतला क्रम. मला सी ची हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, भाषा तुमच्यावर विश्वास ठेवते पण त्याचबरोबर क्रम ठरवायची जबाबदारीही तुमच्यावर टाकते.

मग आम्ही मोठ्या वस्तू आधी आणि छोट्या शेवटी असं लावलं, ३२ चे २४ झाले. एकही माहिती कमी न करता, नुसत्या ओळी वर-खाली करून. शेवटची तीन घरं तरीही रिकामी राहिलीच, कारण अशा एंट्र्यांचा ॲरे (एकाला लागून एक अशी रांग) केला तर दुसऱ्या एंट्रीतली वेळही चारच्या पटीतल्या घरात पडायला पाहिजे.

२४ पण चालत नव्हते. मग मी त्याला विचारलं, फॅट दशांशात एकच घर लागते ना, ६.५, मग फ्लोट कशाला, दहाने गुणून ६५ ठेव, एका बाइटमध्ये २५.५ पर्यंत जाते आणि कुठल्या म्हशीची फॅट त्याच्यावर जाणारे? एसएनएफचंही तेच. लिटर शंभरने गुणून दोन बाइटमध्ये, ६५५ लिटरपर्यंत. आमच्या कंट्रोलरला फ्लोटचं हार्डवेअरही नव्हतं, त्यामुळे गणितं पण फास्ट झाली. आणि ती तीन कॅरेक्टरं, सत्र, जनावर, हाताने की मशीनने, यातल्या प्रत्येकाला हो किंवा नाही एवढंच सांगायचंय, त्यासाठी अख्खा बाइट? इथे बिट फील्ड कामाला आलं, तिन्ही एका बाइटात बसले आणि पाच बिट शिल्लक राहिले. वेळ चार, सभासद दोन, लिटर दोन, फॅट एक, एसएनएफ एक, बिट एक, बेरीज ११ आणि कंपायलरचा एक, १२ बाइट. चार हजार एंट्र्या ४८ हजारात बसल्या. पोरगा खूश, मीही खूश.

आणि मग टेस्टिंगला मशीन लावलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये एका सभासदाची फॅट २५.५, एसएनएफ पण २५.५, आणि दुसऱ्या एकाच्या दुधाची तारीख ३ जानेवारी १९७०. दोन दिवस आम्ही फॅट मशीनची वायर, घड्याळाची बॅटरी सगळं तपासलं. शेवटी मी कागदावर घरं काढली तेव्हा दिसलं. ती ईईप्रॉम १२८ बाइटच्या पानांनी लिहिली जाते आणि लिहिताना पान संपलं की चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळते आणि तिथे जे असेल त्याच्यावर लिहिते. बारा-बारा बाइटच्या दहा एंट्र्या म्हणजे १२०. अकरावीची आठ बाइट पानात बसली आणि उरलेली चार, म्हणजे फॅट, एसएनएफ, बिट आणि तो रिकामा बाइट, पानाच्या सुरुवातीला जाऊन पहिल्या एंट्रीच्या वेळेवर बसली. अकराव्या सभासदाची फॅट जिथून वाचली ती जागा कोरी होती, कोऱ्या चिपमध्ये प्रत्येक बाइट २५५ असतो, म्हणून २५.५. आणि पहिल्याच्या वेळेच्या जागी ६५, ९०, ३, ० असे चार बाइट आले, फॅट ६.५, एसएनएफ ९, संध्याकाळची म्हशीची एंट्री. आम्ही वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत ठेवत होतो, आणि ते चार बाइट एक आकडा म्हणून वाचले की अडीच दिवसांचे सेकंद होतात. बरोबर ३ जानेवारी.

स्ट्रक्चरमधलं कुठलं मेंबर कितव्या घरात आहे हे माहीत नसतं तर ही चूक महिनाभर सापडली नसती, आणि तोपर्यंत कुणाच्या तरी बिलात तिचे पैसे गेले असते. जे शेतकरी दहा दिवसांच्या बिलावर किराणा आणि पेंड भरतात त्यांच्या पैशाचा हा प्रश्न आहे, म्हणून मला याबद्दल इतकं लिहावंसं वाटतं.

उपाय सोपा निघाला. एंट्री १६ बाइटची केली, वाढलेल्या चार बाइटांत पावतीचा क्रमांक आणि चूक ओळखायची सीआरसी टाकली. १२८ च्या पानात आठ एंट्र्या बरोबर बसतात, कुठलीच एंट्री दोन पानांत फाटत नाही. अख्ख्या चिपमध्ये सोळा-सोळा बाइटची ४,०९६ घरं झाली, चार हजार दुधाच्या एंट्र्यांना आणि उरलेली ९६ दरपत्रक आणि सेटिंगला. तिथे युनियन वापरलं, की हे सोळा बाइटचं एकच घर आहे, कधी त्याला दुधाची एंट्री म्हणून बघा, कधी सेटिंग म्हणून बघा, आणि चिपला पाठवताना नुसते सोळा बाइट म्हणून बघा. आणि सगळ्यात वर एक ओळ टाकली, स्टॅटिक ॲसर्ट, सी च्या २०११ च्या स्टँडर्डमध्ये आली ती, की या स्ट्रक्चरचा साइझ १६ नसेल तर कंपाइलच करू नको. नंतर कुणी नवीन मेंबर घुसवला तर बिल्ड तिथेच अडतो, प्रश्न कोल्हापूरपर्यंत पोचत नाही. ही एक ओळ मुलांना कुणी शिकवत कसं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मेमरी स्वस्त झाली या मुद्द्यावर. स्वस्त झाली हे खरं, पण प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही, नेहमीच्या लॅपटॉपमध्येसुद्धा ६४ बाइटची एक ओळ एकदम कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, येते. ३२ बाइटची एंट्री असेल तर एका फेरीत दोन येतात, १६ ची असेल तर चार. लाखो एंट्र्यांवरून फिरायचं असेल तर हा फरक १६ जीबी रॅम असली तरी लागतोच.

आणि पायथन. ६४ बिटच्या नेहमीच्या पायथनमध्ये नुसता १ हा आकडा किती जागा घेतो हे त्यालाच विचारलं तर २८ बाइट सांगतो. आमची अख्खी दुधाची एंट्री १६ मध्ये होती! यात पायथनची चूक नाही, कारण तो १ म्हणजे आतून सी चं एक स्ट्रक्चरच आहे, त्यात या वस्तूला किती जणांनी धरून ठेवलंय तो आकडा असतो, तिचा टाइप कुठला त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असतो, आणि मग खरा आकडा. डेटा सायन्सवाली मुलं ज्या नमपायवर (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सगळं करतात त्याचा ॲरे पण आतून सी चं स्ट्रक्चरच, डेटा कुठे आहे, किती डायमेन्शन आहेत, आणि पुढच्या घरात जायला किती बाइट उडी मारायची एवढं त्यात लिहिलेलं असतं. म्हणून तर तिथे ॲरे उलटा केला किंवा एक आड एक घेतला तरी डेटा कॉपी होत नाही, फक्त उडी बदलते. ज्याला स्ट्रक्चर कळलंय त्याला हे एका वाक्यात समजतं, आणि ज्याला नाही कळलं तो हा नवीन ॲरे आहे असं समजून त्यात बदल करतो आणि मूळ डेटा बिघडला की डोकं धरून बसतो.

मुळात सी मध्ये स्ट्रक्चर आलं कशासाठी तेही सांगण्यासारखं आहे. सी च्या आधीच्या बी भाषेत टाइपच नव्हते, सगळं एकाच मापाचं. बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन यांनी १९७२ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सी मध्ये लिहायचा प्रयत्न केला होता तेव्हा भाषेत स्ट्रक्चर नव्हतं, आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मग सी भाषा बनवणाऱ्या डेनिस रिची यांनी स्ट्रक्चर आणलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, सी मध्ये लिहून झालं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शेवटी याद्याच ना, कुठले प्रोसेस चालू आहेत, कुठल्या फाइल उघड्या आहेत, आणि यादीतल्या एका वस्तूबद्दलच्या दहा वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी एकत्र बांधायची सोय नसेल तर ते लिहिणार कसं.

आजच्या लिनक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्याच धर्तीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, याचा एक फार सुंदर वापर आहे. कॉलेजात लिंक्ड लिस्ट (प्रत्येक वस्तूत पुढच्या वस्तूचा पत्ता असलेली यादी) शिकवतात तेव्हा यादीच्या नोडमध्ये डेटा ठेवतात. लिनक्समध्ये उलटं आहे, डेटाच्या स्ट्रक्चरमध्ये लिस्टचा छोटा हुक ठेवतात, पुढचा आणि मागचा असे दोनच पॉइंटर. एका प्रोसेसला चार वेगळ्या याद्यांत राहायचंय? चार हुक लावा, कॉपी एकच. आणि यादीतून फिरताना हाताला हुक लागला की त्यावरून अख्खं स्ट्रक्चर कसं शोधायचं? हुक स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते ऑफसेटऑफ सांगतं, तेवढे बाइट मागे गेलं की स्ट्रक्चरची सुरुवात सापडते. कंटेनर ऑफ नावाचा एक छोटासा मॅक्रो हे काम करतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्री अकरा वाजता उठून कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, इतकं ते आवडलं होतं.

आता या गोष्टींचे धोके पण सांगायला पाहिजेत, नाहीतर मुलं बिट फील्ड सगळीकडे वापरत सुटतील. बाइटमधला कुठला बिट आधी भरायचा हे सी च्या स्टँडर्डने ठरवलेलं नाही, ते कंपायलरवर सोडलंय. लिनक्समध्ये इंटरनेटच्या आयपी पॅकेटचं हेडर आहे त्यात पहिल्या बाइटात चार बिट व्हर्जन आणि चार बिट हेडरची लांबी असते, आणि तिथे त्यांनी ही दोन फील्ड दोन वेगवेगळ्या क्रमांनी लिहून ठेवलीत, एका प्रकारच्या मशीनला एक क्रम आणि दुसऱ्याला उलटा. त्यामुळे माझं मत असं की मशीनच्या आतल्या आत बिट फील्ड खुशाल वापरा, पण जी माहिती वायरवरून बाहेर जाणारे किंवा दुसऱ्या कंपायलरच्या प्रोग्रामने वाचायचीय तिथे बिट हाताने सरकवून भरा, चार ओळी जास्त लागतील पण झोप लागेल. तसंच पॅडिंगमध्ये काय कचरा आहे याची खात्री नसते, म्हणून दोन स्ट्रक्चर मेमकंपने बाइट-बाइट ताडून बघू नयेत, माहिती तीच असूनही ती वेगळी निघू शकतात. आणि पॅक्ड लिहिलं की पॅडिंग गेलं असं इंटरनेटवर वाचून मुलं सगळ्या स्ट्रक्चरला पॅक्ड लावतात, मग त्यातल्या चार बाइटच्या मेंबरचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेऊन वापरला की कॉर्टेक्स एम झिरोसारख्या छोट्या प्रोसेसरवर प्रोग्राम जागच्या जागी फॉल्ट होऊन पडतो, कारण त्याला चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून चार बाइट वाचताच येत नाहीत.

हे सगळं मी कुठल्या एका कॉलेजबद्दल तक्रार म्हणून लिहीत नाहीये. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांना मी एकच प्रश्न विचारतो, एक कॅरेक्टर, एक इंटिजर, परत एक कॅरेक्टर असं स्ट्रक्चर देतो आणि घरं काढायला सांगतो. बहुतेक जण सहा सांगतात. ३२ बिटच्या मशीनवर उत्तर १२ आहे, आणि दोन्ही कॅरेक्टर शेजारी आणली तर ८. सहा हे उत्तर मुलांनी मनाचं काढलेलं नाही, इंटिजर चार बाइटचा आणि कॅरेक्टर एकेक, बेरीज करा, असं त्यांना शिकवलंय. आणि अजूनही कितीतरी ठिकाणी प्रॅक्टिकलला टर्बो सी या जुन्या कंपायलरची ती निळी स्क्रीनच असते, तिथे इंटिजर दोन बाइटचा आणि नेहमीच्या सेटिंगला पॅडिंग नसतंच, त्यामुळे बेरीज बरोबरच येते आणि मुलाला शंकासुद्धा येत नाही. गेल्या वर्षी डिप्लोमा केलेली एक मुलगी आली होती, तिने काही न बोलता बारा घरं काढली, सहा रेघा मारून रिकामी दाखवली, आणि विचारलं की सर कुठला प्रोसेसर धरू, आठ बिटचा असेल तर ही रिकामी घरं नसतील. तिला हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, घरी छोटा बोर्ड होता, त्यावर आणि लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवला, दोन आकडे वेगळे आले म्हणून शोधत गेले.

बोर्ड दोन-तीनशे रुपयांना मिळतो, कंपायलर फुकट आहे. स्ट्रक्चर आणि युनियन यातला फरक लिहा, चार मार्क, हा प्रश्न वर्षानुवर्षं येतोय, त्याऐवजी एक स्ट्रक्चर द्या, साइझ आणि प्रत्येक मेंबरचा ऑफसेट आधी कागदावर काढायला सांगा आणि मग साइझऑफ, ऑफसेटऑफ प्रिंट करून ताडायला सांगा, आणि चुकलं तर का चुकलं ते दोन ओळीत लिहायला सांगा. प्रॅक्टिकलचा एक तास पुरतो. आपल्या पुरवणीत त्यासाठी जागा देणार असाल तर त्या दुधाच्या एंट्रीचं ३२, २४, १२ आणि १६ बाइटचं चित्र मी काढून पाठवतो, आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या कुठल्या शिक्षकांना हवं असेल तर शनिवारी दुपारी बोर्ड घेऊन यायलाही तयार आहे, पैसे वगैरे काही नकोत.

आपला,
एक फर्मवेअर इंजिनिअर आणि आपला जुना वाचक
भोसरी, पुणे